एक टोपली, एक नजर

दत्तानं माझ्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा मी कडुनिंबाखाली बाजेवर बसून मेथीचं बी निवडत होतो. पाठ नाल्याकडे होती. दत्ता आमच्याच गावचा, सडकेवर त्याचं पंक्चर काढायचं दुकान आहे. माझा डावा कान कामातून गेलेला आहे हे त्याला माहीत, म्हणून तो फिरून उजव्या अंगाला आला आणि कानाशी तोंड लावून ओरडला, "काका, गुलाबदादाले जीपमधी घालून मेहकरले नेलं! छातीत कळ आली त्याईच्या!" मी त्याच्याकडे पाहिलं नाही. आधी मागे वळून नाल्यापलीकडे पाहिलं. गुलाबची काठी बोडकी होती. तिच्यावरचं पांढरं फडकं उतरलेलं होतं. बोडक्या काठीचा अर्थ जगात चार माणसांना ठाऊक होता. गुलाबला, त्याच्या बायकोला सरूबाईला, त्याच्या पोराला विजयला आणि मला. त्याचा अर्थ होता, ये.

दत्ताच्या गाडीवर मागे बसून मी मेहकरला गेलो. दवाखान्याच्या व्हरांड्यात सरूबाई खाली फरशीवर बसली होती आणि गुलाबच्या चपला तिनं मांडीवर धरल्या होत्या. तो रस्त्यातच गेला होता. तिनं माझ्याकडे पाहिलं, विचारलं काहीच नाही. तिनं विचारलं असतं तर बरं झालं असतं...

या गोष्टीला दीड महिना झाला. विजय पुण्याला कंपनीत आहे, तो म्हणाला, "काका, बाबांवर लिहा काही तरी. तुमी सांगा, मी लिहून घेतो." मी म्हटलं, मी चौथीपर्यंत शिकलो असलो तरी अक्षर माझं तुझ्यापेक्षा बरं आहे, मीच लिहितो. म्हणून हे पेन्सिलीनं लिहिलं आहे. काय खरं ते लिहिणार आहे. माणूस गेल्यावर त्याला देव करून टाकायची जी रीत आहे ती मला जमत नाही, आणि गुलाबला तर मुळीच आवडली नसती.

महाराष्ट्र होऊन वर्ष-दोन वर्षं झाली असतील तेव्हाची गोष्ट. गावच्या चावडीवरच्या पाटीवर 'मुंबई राज्य' खोडून नवं नाव लिहिलं होतं आणि जुनं नाव खालून डोकावत होतं. आमचं मळ्याचं रान नाल्याच्या या काठाला, गुलाबच्या बापाचं त्या काठाला. दोघांच्याही घरी मिरची, वांगी, लसूण. पाण्यासाठी दोन्ही घरांनी एकाच उन्हाळ्यात विहिरी खोदायला काढल्या. आमच्याकडचा दगड काळा आणि कडक. वरची माती निघाली की खाली पहारीला दाद देत नाही, सुरुंगच लावावा लागतो. चार-पाच माणसं तळात भोकं पाडायची, त्यात दारू ठासायची, वात लावायची आणि वर येऊन पळायची. विहिरीच्या तोंडाशी एक माणूस उभा, चाकावरून दोरानं दगडांच्या टोपल्या ओढायला. आमच्या तोंडाशी मी, त्यांच्या तोंडाशी गुलाब. दोघंही विशीतले. मधे नाला, जेमतेम हाकेचं अंतर. वारा असला तर हाकसुद्धा पोचत नसे.

अडचण अशी होती की एका विहिरीत सुरुंग उडाला की दगड दुसऱ्या विहिरीपर्यंत यायचे. काम तर दोन्हीकडे एकाच वेळी चालू. कोणीही कोणासाठी थांबायला तयार नव्हतं, कारण पावसाच्या आधी पाणी लागलं पाहिजे होतं. म्हणून मोठ्या माणसांनी ठरवलं की वात पेटवायच्या आधी लाल फडकं वर करायचं. समोरच्यानं ते पाहायचं आणि आपली माणसं ढिगाऱ्याआड न्यायची. ऐकायला सोपं. आठ-दहा दिवस ठीक चाललं.

एके दिवशी सकाळी मी टोपल्या ओढायला लागण्यापूर्वी पलीकडे पाहिलं. लाल फडकं नव्हतं. मी मनात म्हटलं, नाही म्हणजे नाही, आणि मान खाली घालून कामाला लागलो. किती टोपल्या ओढल्या माहीत नाही, हाताला लय लागली की माणूस वर पाहत नाही. मधेच गुलाबनं फडकं वर केलं, थोडा थांबला, मी पाहिलंच असणार असं समजून वात पेटवायला सांगितलं. पुढचं मला आठवत नाही. एवढंच आठवतं की मी आडवा होतो, तोंडात माती होती आणि गुलाब नाला ओलांडून माझ्या छातीवर वाकला होता. दगडाची चीप डाव्या कानाला चाटून गेली होती. बोटभर इकडे आली असती तर हे लिहायला मी नसतो. त्या दिवशी तळातली माणसं शेवटच्या टोपल्या भरून नुकतीच भाकर खायला वर येऊन ढिगाऱ्याआड बसली होती म्हणून ती वाचली.

रक्त पुसता पुसता आमचं भांडण लागलं. 

"तू फडकं लावलंच नाही!" मी म्हटलं.

"लावलं होतं बे! तू पाह्यलंच नाही!"

"म्या पाह्यलं होतं!"

"कवा?"

"सकाळी!"

गुलाब माझ्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "नाम्या, सकाळी पाह्यलेलं फडकं दुपारी काय कामाचं?"

मला नामदेव कोणी म्हणत नसे. त्याच्या तोंडी तर शेवटपर्यंत नाम्याच.

आठ दिवस माझ्या डोक्याला पट्टी होती आणि आठ दिवस गुलाब बोलत नव्हता. मला वाटलं, रागावला. तो विचार करत होता. नवव्या दिवशी तो दोन वेळूच्या काठ्या आणि त्याच्या बापाच्या जुन्या धोतराचे दोन तुकडे घेऊन आला. म्हणाला, लाल फडकं बंद. ते उलटं आहे. वाऱ्यानं पडलं, कोणी विसरलं, तर समोरच्याला वाटणार सगळं ठीक आहे. आजपासून पांढरं. पांढरं वर असलं तर सगळं ठीक, काम चालू ठेव. खाली आलं तर धोका. मग फडकं वाऱ्यानं जरी पडलं तरी माणूस फार तर फुकट पळेल, मरणार तर नाही. मी चौथीचा, तो तर तिसरीतून उठलेला. त्या तिसरीवाल्याला हे सुचलं. आजही मला त्याचा हेवा वाटतो.

त्यानं कायदेच घातले. ज्याची काठी त्याचाच हात. माझ्या फडक्याला त्यानं हात लावायचा नाही, त्याच्या फडक्याला मी नाही, बाप आला तरी त्यानं नाही, आणि गंमत म्हणून कधी उतरवायचं नाही. दुसरा कायदा, त्यानं उतरवलं की मी आधी माझी माणसं तळातून वर काढायची, मोजायची, ढिगाऱ्याआड बसवायची, आणि मगच माझं फडकं उतरवायचं. आधी माणसं, मग फडकं. उलटं झालं तर तळातला माणूस मेला. आणि माझं फडकं खाली आलेलं त्यानं आपल्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय वात पेटवायची नाही, मग दिवस मावळला तरी चालेल. तिसरा कायदा माझ्यासाठी होता. एक टोपली, एक नजर. प्रत्येक टोपली वर आली की मान वर करून पलीकडे पाहायचंच. मागच्या टोपलीला पाहिलं होतं हे चालणार नाही.

"अन् दहा टोपल्यांमागं पाह्यलं तर?" मी विचारलं होतं.

"तर दुसरा कान जाईन."

दोन्ही विहिरींना पाणी लागलं. पुन्हा कोणाला खरचटलंसुद्धा नाही. लोणारकडून एक मुकादम आला होता, त्यानं ती पद्धत पाहिली आणि आपल्या कामावर नेली. गुलाबचं नाव कुठे लागलं नाही. त्याला त्याचं काही नव्हतं, मलाच राग यायचा.

मधली वर्षं लिहीत बसत नाही. लग्नं झाली, त्याला विजय झाला, मला मुलगी झाली, ती देऊळगाव राजाला दिली. आम्ही म्हातारे झालो. माझी बायको गेली तेव्हा मी गाव सोडून मळ्यातच राहायला आलो. गुलाब आणि सरूबाई तर आधीपासून पलीकडे राहत होते. मुलीनं मला फोन आणून दिला. एक कान गेलेला, दुसरा म्हातारा झालेला, त्यात आपलीच पोटची पोर काय म्हणते ते ऐकू येत नाही आणि नुसतं हाव हाव करत बसायचं. मी तो फोन तिला परत दिला. ती रडली. मी काही ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून पाहतो तर नाल्यापलीकडे वेळूची काठी उभी आणि तिच्यावर पांढरं फडकं. गुलाब खाली उभा राहून माझ्याकडे पाहत होता. मी काही न बोलता आत गेलो, धोतराचा तुकडा फाडला आणि माझी काठी उभी केली. तेव्हापासून रोज. सकाळी उठलं की फडकं वर. म्हणजे, आहे, जिवंत आहे, ठीक आहे. खाली उतरवलं म्हणजे, ये. आणि समोरच्यानं आपलं उतरवलं म्हणजे, पाहिलं, निघालो. कायदे तेच. शेवटच्या त्या आठवड्याआधी एवढ्या वर्षांत त्यानं दोनदाच उतरवलं. एकदा बैलाचा पाय वाफ्यात फिरला तेव्हा आणि एकदा सरूबाईला विंचू चावला तेव्हा. दोन्ही वेळा मी वाफ्यातून मान वर केली आणि पाहिलं. मी एकदाच उतरवलं, ताप होता. तो नाला उतरून इतक्या लवकर आला की मी चिडलो, तू काय काठीखाली बसूनच असतोस काय?

मागच्या दिवाळीत विजय आला होता. ओसरीवर आपलं ते मांडीवरचं कॉम्प्युटर घेऊन बसला होता आणि कपाळाला हात लावून होता. गुलाब तुरीच्या शेंगा सोलत होता, मी त्यातल्या खात होतो.

"काय झालं बे?" मी विचारलं.

"प्रोग्राम थांबतच नाही, काका."

मग त्यानं सांगितलं. सी म्हणून एक भाषा आहे, यंत्राला काम सांगायची. त्यात एकाच वेळी दोन कामं चालवता येतात, त्याला ते थ्रेड म्हणतात. एक थ्रेड गोल गोल फिरून काम करत राहतो. दुसऱ्यानं त्याला बस म्हणायचं असतं. ते बोलू शकत नाहीत. म्हणून मधे एक झेंडा ठेवतात, एवढासा, हो किंवा नाही इतकंच सांगणारा. पहिल्यानं प्रत्येक फेऱ्याला तो झेंडा पाहायचा आणि हो दिसला की थांबायचं. विजयनं साधं चालवून पाहिलं तेव्हा सगळं ठीक होतं. कामाला वेग यावा म्हणून त्यानं यंत्राला जरा घाई करायला सांगितली आणि पहिला थ्रेड थांबेचना. झेंडा केव्हाच वर झाला होता.

"काऊन?" गुलाबनं शेंगा सोलायचं थांबवलं.

"बाबा, मी लिहिलेलं यंत्राच्या भाषेत करून देणारा एक प्रोग्राम असते, कंपायलर. तो पाह्यते, की हा थ्रेड स्वतः तर झेंड्याले हात लावून नाही राह्यला. मंग घडी घडी पाहाचं कशाले? म्हणून तो एकदाच पाहून ठेवते. मंग मान खाली घालून काम चालू."

मी इतका हसलो की शेंगेचा दाणा घशात गेला. गुलाब हसत नव्हता. माझ्या डाव्या कानाकडे बोट दाखवून म्हणाला, "विज्या, हा पाह्य. हा तुया कंपायलर."

विजयला विहिरीची गोष्ट ठाऊक होती, पण त्यानं ती अशी कधी पाहिली नव्हती. तो सरसावून बसला. म्हणाला, काही लोक एक शब्द लिहितात, त्यानं थ्रेड प्रत्येक वेळी झेंडा पाहतो. पण तेवढ्यानं भागत नाही. यंत्र वेगासाठी कामाचा क्रमसुद्धा मागेपुढे करतं. एकानं आधी काम उरकलं आणि मग झेंडा लावला, तरी दुसऱ्याला झेंडा आधी दिसतो आणि काम अजून पोचलेलंच नसतं.

"म्हणजे माणसं तळात," गुलाब हळूच म्हणाला, "अन् फडकं खाली."

"हाव बाबा! तेच!"

मग त्यानं दुसरा शब्द सांगितला. पहिला मी विसरलो. दुसरा ॲटॉमिक, तो लक्षात राहिला कारण ते बॉम्बचं नाव आहे. झेंडा ॲटॉमिक केला की अर्धवट लागलेला कोणाला दिसत नाही, लागला तर पुरा नाही तर मुळीच नाही. पाहणाऱ्याला प्रत्येक वेळी खरा झेंडा पाहावा लागतो, मागचा आठवून चालत नाही. आणि आधीचं काम आधीच राहतं. विजयनं तिथं बसल्या बसल्या तो शब्द घातला, आणि पहिला थ्रेड थांबला. मी म्हटलं, "तुयं यंत्र येडं हाये बे विज्या. शब्द घातल्याबिगर पाहातच नाही. माणसाले असं सांगावं लागते काय?"

"माणसालेबी लागते," गुलाब म्हणाला. मग त्यानं विजयला विचारलं, "एक सांग. झेंडा लावणाऱ्याले कसं कळते, का समोरच्यानं पाह्यलं म्हणून?"

"नाही कळत, बाबा. दुसऱ्याचा वेगळा झेंडा ठेवाचा. त्यानं पाह्यलं का त्यानं तो लावाचा. तवा कळते."

"अन् तोवर?"

"तोवर वाट पाहाची."

"किती?"

"तो पाहीनतवरक."

गुलाबनं मान हलवली आणि पुन्हा शेंगा सोलायला लागला.

आता भांडणाचं लिहितो. तो जायच्या दोन दिवस आधी मी पलीकडे चहाला गेलो होतो. गुलाब म्हणाला, "नाम्या, तू पोरीकडे जाऊन राह्य आता. देऊळगावले. तुये डोये कमी झाले."

"कोण म्हणते?"

"मी म्हणतो. काल म्या फडकं उतरवून पाह्यलं. तू वांग्याच्या चार टोपल्या भरल्या, तरी मान वर नाही केली. मंग मीच पुन्यांदा चढवलं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "तू मायी परीक्षा घेतली?"

"घेतली."

"ज्या फडक्याची कधी गंमत कराची नाही म्हणून तूच कायदा घातला, ते तू खोटंच उतरवलं?"

"तुया भल्यासाठी उतरवलं, येड्या."

"खोटं उतरवाचं असलं तर मी काऊन पाहू?" असं म्हणून मी कप तसाच ठेवला आणि उठलो. सरूबाई मागून म्हणाली, "भाऊजी, चहा तर घ्या. तुमी दोघं म्हातारे झाले, पण अक्कल काही आली नाही." मी मागे पाहिलं नाही. नाला उतरताना मला राग येत होता की तो खरं बोलला. डोळे कमी झालेच होते. चार टोपल्या भरेपर्यंत मी मान वर केली नव्हती हेही खरं होतं. पण ते त्यानं मला सांगायचं नव्हतं. त्यानं दुसरं काही सांगायला हवं होतं, काय ते आजही मला कळत नाही.

दुसऱ्या दिवशी मी बाज फिरवली. कडुनिंबाखाली ती वर्षानुवर्षं नाल्याकडे तोंड करून असायची. मी ती उलटी केली आणि पाठ करून बसलो, त्याला दिसावं म्हणून. तिसऱ्या दिवशी सकाळी उठलो, माझं फडकं चढवलं. राग होता तरी चढवलं, कायदा म्हणजे कायदा. पलीकडे एक नजर टाकली. त्याचं फडकं वर होतं. मी मनात म्हटलं, आहे बेटा ठणठणीत. आणि पाठ फिरवून मेथीचं बी निवडायला बसलो.

सकाळी पाहिलेलं फडकं... यापुढे मला लिहवत नाही, पण लिहितो.

सरूबाईनं तेराव्यानंतर मला सगळं सांगितलं. मी विचारलं म्हणून सांगितलं, नाही तर ती बोलणार नव्हती. ऊन कडुनिंबाच्या वर आलं तेव्हा गुलाबच्या छातीत कळ आली. तो स्वतः काठीपर्यंत गेला. ती म्हणाली, मी उतरवते, तर तिला हात लावू दिला नाही. स्वतः उतरवलं आणि काठीच्या बुडाशी टेकून माझ्याकडे पाहत बसला. माझी पाठ त्याला दिसत होती. पांढरी बंडी, कडुनिंबाखाली. माझं फडकं वर होतं.

"मी म्हटलं, मी जाते," सरूबाई सांगत होती. "तर म्हणे, तुया गुडघ्यानं नाला होत नाही, पडशील मधीच. म्हटलं, हाक मारू काय? म्हणे, त्याले ऐकू येत नाही. म्हणे थांब, पाहीन तो. टोपली भरली का मान वर करीन."

"किती वेळ बसला होता?"

  ती म्हणाली, "भाऊजी, म्या घड्याळ पाह्यलं नाही. मंग म्याच पुण्याले विजयले फोन लावला, त्यानं गावात लावला, तवा जीप आली. जीपमधी घालतानीबी ते तुमच्याकडेच पाहून राह्यले होते. म्हणे, नाम्या रागावला हाये."

मेथीच्या बियांची टोपली त्या दिवशी अर्धीसुद्धा भरली नव्हती. म्हणजे टोपली भरायची वाट जरी मी पाहिली असती तरी उशीरच झाला असता. पण मी टोपलीचीही वाट पाहत नव्हतो. मी मुद्दाम पाहत नव्हतो.

विजयला मी सगळं सांगितलं. बाज फिरवल्याचंही सांगितलं. मला वाटत होतं त्यानं मला काही तरी बोलावं. शिवी द्यावी, हाताला धरून बाहेर काढावं. तो म्हणाला, "काका, डॉक्टर म्हणत होते का अटॅक मोठाच होता. लवकर नेलं असतं तरी..."

"डॉक्टराले काठी माहीत हाये काय?" मी म्हटलं.

तो उठला. माझ्या उजव्या अंगाला येऊन बसला, मला ऐकू यावं म्हणून, आणि तरी काही बोलला नाही.

त्या दिवशी मेहकरहून संध्याकाळी परत आलो तेव्हा माझं फडकं तसंच फडफडत होतं. दिवसभर सगळ्या रानाला सांगत होतं की सगळं ठीक आहे. मी काठीला धरून उभा राहिलो. मग ते उतरवलं. पाहिलं, निघालो. इतक्या उशिरा ते कोणाला सांगत होतो मला माहीत नाही. पलीकडे काठीच्या बुडाशी त्याचं फडकं घडी घालून ठेवलेलं होतं, हे सरूबाईनं मला नंतर सांगितलं. जीवघेणी कळ असताना त्यानं घडी घातली होती. आम्ही दोघंही ते कधी जमिनीवर टाकत नव्हतो.

तेव्हापासून दोन्ही काठ्या बोडक्या आहेत. मुलगी देऊळगावहून आली होती, तिनं माझं फडकं धुऊन वाळवून माझ्या हातात दिलं. "बाबा, लावा आता," म्हणाली. मी काठीपर्यंत गेलो आणि माघारी आलो. ते वर चढवलं म्हणजे त्याला सांगायचं की मी अजून पाहिलंच नाही. ते माझ्यानं होणार नाही. मुलगी म्हणते, असा हट्ट काय कामाचा. असेल. माझी बाज मात्र मी पुन्हा सरळ केली आहे.

सरूबाईला विजय पुण्याला चल म्हणत होता, ती गेली नाही. मागच्या आठवड्यात तिनं दत्ताकडून निरोप पाठवला. "भाऊजीले सांग, त्याईचं फडकं दिसत नाही तर मले सकाळी भेव वाटते. त्याईनं लावत जावं." त्यावर काय करावं मला दोन दिवस सुचलं नाही. गुलाबला सांगितलेलं मागे घेता येत नाही, आणि त्याच्या बायकोला भीतीत ठेवता येत नाही. गुलाबला सुचलं असतं. तिसऱ्या दिवशी सकाळी मी काठी घेतली, हातात धरायची काठी, आणि नाला उतरलो. त्याच रस्त्यानं, जो मी त्या दिवशी उतरायला हवा होता. पाणी घोट्याएवढं आहे. मला वर चढायला बराच वेळ लागला. सरूबाई दारात उभी होती. "काऊन आले भाऊजी एवढ्या सकाळी?" तिनं विचारलं.

"दिसावं म्हणून," मी म्हटलं.

तिनं चहा ठेवला. मी बाहेर त्याच्या काठीच्या बुडाशी बसलो. तिथून कडुनिंबाखालची माझी बाज नीट दिसते, माणूस पाठमोरा बसला असेल तरी ओळखू येतो. फडक्याची घडी तशीच आहे, तिच्यावर दगड ठेवलाय सरूबाईनं, वाऱ्यानं जाऊ नये म्हणून. हात तिनंही लावला नाही.

आता मी रोज जातो. परत आलो की वांगी तोडतो. टोपली भरली की मान वर करतो आणि पलीकडे पाहतो. काठी बोडकीच असते.